ग्रिलवरचा निळसर पट्टा आणि फ्रिजवरचे ओरखडे: मदत हवी आहे

ग्रिलच्या स्टीलच्या झाकणावरचा तेलकट थर खाण्याच्या सोड्याच्या पेस्टने निघाला, पण बर्नरच्या वरचा निळसर-सोनेरी पट्टा जागचा हलत नाही. नखाने खरवडलं तर हाताला काहीच लागत नाही, म्हणजे तो चिकटा नसून तापून बदललेला रंग असावा. व्हिनेगरने जाईल, की ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवाली पावडरच लागेल?

शिवाय फ्रिजच्या दारावर मी (अतिउत्साहात!) तारेची घासणी गोल गोल फिरवली. आता तिरप्या उजेडात ओरखडे चमकतात, दोन गंजाचे ठिपकेही आलेत. बहुतेक घासणीचेच लोखंडी कण. स्टीलच्या रेघांच्या दिशेने घासून हे बुजवता येतं का? कोणी केलं असेल तर पॉलिश पेपर किती नंबरचा घेतलात? ब्लीच मात्र सुचवू नका, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात.