शब्दचर्चा: ‘सूर लागला’ म्हणजे कोणाला काय लागलं?

माजघर

मागच्या रविवारी एका घरगुती बैठकीला नातीला घेऊन गेलो होतो. नात अटलांटात वाढलेली, वय वर्षं नऊ. मराठी छान बोलते, पण ते सगळं घरातलं: जेव, झोप, पळू नकोस, लागेल. गाणाऱ्या बाईंनी डोळे मिटले, षड्ज म्हणजे ‘सा’ लावला, आणि शेजारचे गृहस्थ मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा! आज काय सूर लागलाय!” नात माझ्या कानाशी लागली: “आजोबा, त्यांना कुठे लागलं?”

हसू दाबलं. पण घरी आल्यावर तिला नीट सांगायला बसलो आणि मीच अडकलो. ‘सूर लागला’ या वाक्यात सूर कर्ता. मग गाणाऱ्या बाई कुठे गेल्या? बरं, ऐकणाऱ्याचंही तेच. गाणं ऐकून तंद्री लागते, हुरहुर लागते, एखाद्या चिजेचं वेड लागतं. ठेच लागण्याचं आणि तंद्री लागण्याचं क्रियापद एकच कसं? जाणकारांनी सांगावं. नात जुलैअखेर परत जाणार आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं.

फलाट क्रमांक ३

काका, ‘कानाशी लागली’ तुम्हीच लिहिलंत, तेही मोजा. ठसका लागतो, कुलूप लागतं, निकाल लागतो, वाट लागते. आमच्या एस.टी.त तर दोन्ही प्रकार: गाडी आधी फलाटाला लागते आणि घाट आला की प्रवाशाला लागते. तिला आधी हे सगळं शिकवा, सूर सगळ्यात शेवटी. आणि विहिरीत सूर मारतात तो सूर वेगळा हेही सांगा, नाहीतर पुढच्या बैठकीत पंचाईत.

खुंटीपिळी

मी बावन्नाव्या वर्षी गाणं शिकायला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. पहिले चार महिने गुरुजींनी गाऊ दिलंच नाही, तंबोरा लावायला बसवलं. त्यामुळे ‘लावणे’ आणि ‘लागणे’ यांतला फरक मला कानाआधी बोटांना कळला.

तंबोरा लावणं हे काम आहे, धुणं-भांडी असतात तसं. चार तारा. पहिली बहुतेक रागांना मंद्र पंचमाची, म्हणजे खालच्या ‘प’ची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची. खुंटी पिळून तार अंदाजे जागेवर आणायची, मग खालचा मणी केसभर सरकवून नेमकी करायची. त्यानंतर जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवणं. तारा ज्या पट्टीवरून जातात त्या घोडीची पाठ किंचित गोलसर असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा घालतात आणि तो मागे-पुढे करत बसतात. दोरा चुकीच्या जागी असला तर तार टण्ण वाजते आणि संपते. नेमक्या जागी आला की तीच तार पसरते, गुणगुणत राहते. तेव्हा गुरुजी म्हणतात, “लागला.” “लावलास” असं ते मला सहा वर्षांत एकदाही म्हणालेले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागही आहे. पिळलेल्या खुंट्यांचे घट्टे माझ्या बोटांना आहेत, सुराच्या नाहीत!

पण ते बरोबर आहेत, हे गंधारामुळे, म्हणजे ‘ग’मुळे, पटतं. तंबोरा लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. चारांपैकी एकही तार गंधाराची नसते. हिशेबाने तो खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीचा अभ्यास मांडला होता. तार ज्या बिंदूपाशी छेडली त्यामुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात उमटतात, आणि याचं कारण घोडीची ती गोलसर पाठ. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी उठून खिडकीतून पाहिलं, बाहेर कोण गातंय म्हणून.

आता या प्रसंगाला मराठीत कुठलं वाक्य शोभेल? ‘मी गंधार वाजवला’ हे खोटं. ‘मी गंधार ऐकला’ हेही अर्धवट, कारण मी ऐकायला गेलेच नव्हते. ‘मला गंधार ऐकू आला’ एवढंच खरं. माझ्या हातात खुंटी, मणी आणि दोरा. ते सगळं ‘लावणे’. त्यापुढचं ‘लागणे’.

(मिरजेत ज्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे घडवायला घेतले ते मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धार मात्र ‘लावली’ की ‘लागते’च, तिथे शंका नसते. दोऱ्याचं तसं नाही.)

कलमवाला

खुंटीपिळी ताई, हे तर आमच्या बागेतलं बोलणं झालं. पावसाळ्यात आम्ही कोय कलमं बांधतो. आठ-दहा दिवसांचं कोवळं रोप वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. इथवर ‘कलम बांधलं’. ‘कलम लागलं’ असं त्या दिवशी कोणी म्हणत नाही. तसं म्हणणारा नवशिका. पालवी फुटली की मग म्हणायचं. दोन भावांनी एकाच सकाळी, एकाच सुरीने बांधलेली शंभर-शंभर कलमं असतात, एकाची ऐंशी लागतात, दुसऱ्याची पन्नास. थोरल्याला विचारलं तर म्हणतो, हात लागतो. म्हणजे पुन्हा तेच!

भाताची लावणी आणि गायची लावणी यांचं नातं आहे का, हेही कोणीतरी सांगा.

व्याकरणाचा तास

लावणीबद्दल एकमत नाही. कोणी लावण्याकडे नेतात, कोणी ‘लावणे’ या क्रियापदाकडे. पैज लावू नका.

‘लागणे’ मात्र सरळ आहे. संस्कृत लग्, म्हणजे चिकटणे, भिडणे. त्याचं भूतकालवाचक विशेषण ‘लग्न’. संलग्न, लगाव, लागण ही सगळी याच घरातली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) या क्रियापदाने बरीच जागा अडवली आहे. सगळ्या अर्थांच्या तळाशी दोन गोष्टींचा स्पर्श आहे: ठेच लागते तेव्हा दगड आणि अंगठा, सूर लागतो तेव्हा आवाज आणि स्वराची जागा. तेव्हा काका, नातीचा प्रश्न चुकीचा नव्हता. बाईंचा आवाज खरोखरच जाऊन लागला होता, फक्त रक्त आलं नाही.

एक बारकावा. आपण ‘बाईंचा सूर लागला’ म्हणतो, ‘बाईंना सूर लागला’ असं सहसा म्हणत नाही. ‘बाईंना’ म्हटलं की सूर सापडतो किंवा गवसतो, वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर फलंदाजाला गवसतो तसा. ‘ला’ येतो तो बहुधा शिकणाऱ्याच्या तक्रारीत: “मला अजून वरचा गंधार लागत नाही.” ऐकणाऱ्याला मात्र ‘ला’ हवाच. मला तंद्री लागली, तिला वेड लागलं. म्हणजे गाणारीचा सूर लागतो आणि ऐकणाऱ्याला तो लागतो.

पण इथेच थांबावं. क्रियापदातून तत्त्वज्ञान पिळून काढायची आपल्याकडे खोड आहे. भूक लागते, तहान लागते, ऊन लागतं. हिंदीतही भूक लागतेच, कन्नडातही भूक ‘ननगे’, म्हणजे ‘मला’च. म्हणून भुकेत काही अद्वैत आहे का? थंडी तर मराठीत ‘वाजते’. तिचं संगीतशास्त्र अजून कोणी लिहिलेलं नाही.

सांजवात

थंडीचं आवडलं. पण भूक आणि हुरहुर यांना एका ओळीत बसवू नका. भूक कशाची, ते सांगता येतं. राग येतो तो कोणाचा तरी, भीती वाटते ती कशाची तरी, कीव येते ती कोणाची तरी. हुरहुर लागली म्हणणाऱ्याला “कसली?” विचारून पाहा. “काही नाही, नुसतीच,” हेच उत्तर येतं, आणि ते टाळाटाळीचं नसतं. गाण्याच्या बाबतीत गाठ नेमकी इथे आहे. दुःखी सूर म्हणतो आपण, पण कोणाचं काय गेलंय? व्हिएन्नात संगीतसमीक्षक हान्सलिकने १८५४ मध्ये हाच मुद्दा धरला होता: भावनेला विषय लागतो, नुसत्या स्वरांना तो दाखवता येत नाही, तेव्हा संगीताचा आशय म्हणजे नादाची हलती रूपं, बाकीचं ऐकणाऱ्याच्या पदरचं.

मला त्यातलं अर्धं पटतं. मारवा घ्या. सूर्यास्ताचा राग, कोमल ऋषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) यांच्याभोवती घोटाळणारा. पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तारसुद्धा पंचमात ठेवत नाहीत, निषादात (नी) किंवा धैवतात लावतात. षड्ज कुठे पळून गेलेला नसतो, जोडीच्या तारा तो सारखा सांगत असतात. पण गाणारा तिथे येऊन टेकत नाही. ऋषभावर येतो, थबकतो, पुन्हा खाली धैवताकडे जातो. कानाला षड्जाची ओढ लागते. म्हणजे त्या हुरहुरीला विषय आहे! तो षड्ज आहे. आपल्याला ते कळत नाही म्हणून आपण माहेर, बालपण, पश्चिमेकडची खिडकी असलं काहीतरी शोधून तिला चिकटवतो.

२०११ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी आवडतं संगीत ऐकताना शहारणाऱ्या लोकांचे मेंदू तपासले. शहारा येण्याच्या आधीच्या काही सेकंदांत, नुसत्या चाहुलीनेच, मेंदूच्या एका भागात डोपामिन स्रवू लागतं आणि प्रत्यक्ष शहाऱ्याच्या वेळी दुसऱ्या भागात. आपण मराठीत चाहूल लागते, ओढ लागते म्हणतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मात्र ‘येते’ म्हणतो. यावरून काही सिद्ध होत नाही, व्याकरणाचा तास रागावतील, पण क्रियापदं दोन आहेत खरी.

आता राहिलेलं अर्धं. माझे वडील गेले त्या महिन्यात मला मारवा ऐकवत नव्हता. लावला की रडू यायचं, पाचव्या मिनिटाला बंद करायचो. पण ते रडू वडिलांचं होतं, मारव्याचं नव्हतं. त्या पाच मिनिटांत ऋषभ कुठे होता हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पुढे वर्ष-दीड वर्षाने एका संध्याकाळी भाजी निवडताना शेजारच्या घरात मारवा लागला होता. गवार तशीच हातात राहिली. हुरहुर लागली, चांगली घशापर्यंत आली, आणि वडिलांची आठवण आली नाही. रात्री जेवताना ते लक्षात आलं आणि मग वाईट वाटलं. रडू आलं, हुरहुर लागली, वाईट वाटलं: तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळी क्रियापदं.

काश्मीरच्या अभिनवगुप्त या आचार्याने नाट्यशास्त्रावर लिहिताना रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेलं असणं. त्यावर उपाय म्हणून तो ज्या गोष्टी सांगतो त्यांत वाद्य आणि गाणं आहे. म्हणजे गाणं तुमचं दुःख उगाळायला नसून तुम्हाला त्यातून जरा बाजूला काढायला आहे. त्या पहिल्या महिन्यात मला ते बाजूला काढू शकलं नाही, विघ्न फार मोठं होतं. आणि तंत्रालोक या आपल्या ग्रंथात तोच म्हणतो की मधुर गीत ऐकताना तटस्थपणा गळून हृदयात जे स्पंदन सुरू होतं ती आनंदशक्ती, आणि तिच्यामुळेच माणसाला सहृदय म्हणतात. रसिक, विद्वान, जाणकार हे शब्द तिथे नाहीत. तटस्थपणा गळतो, आपण गाळत नाही. ताईंच्या दोऱ्याचीच गोष्ट.

फलाट क्रमांक ३

शेजारी मारवा ‘लागला होता’, म्हणजे कोणीतरी ‘लावला होता’. श्रेय कोणाचं?

सांजवात

शेजाऱ्यांच्या मुलाचं. तो खरं तर बातम्या शोधत होता.

खुंटीपिळी

सांजवात, मारव्याला तंबोरा निषादात लावायचा तर माझी निम्मी तालीम त्यातच जाते. पावसाळी हवेत तर तारा ठरतच नाहीत. गुरुजी म्हणतात, नाही लागला तर नाही लागला, आज खर्ज भरू, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करू. मला आधी वाटायचं ते निराश होऊन म्हणतात. आता कळतं की त्यांना चहा हवा असतो.

काका, नातीला घेऊन या एकदा. अर्थ सांगत बसू नका, नुसतं बसवा.

माजघर

सगळ्यांचे आभार. काल गेलो होतो ताईंकडे. नातीला तंबोऱ्याशेजारी सतरंजीवर बसवलं. ताईंनी जवळजवळ वीस मिनिटं दोरा मागे-पुढे केला. तोवर हिने सतरंजीच्या दशा मोजल्या, मला दोनदा वेळ विचारली, एक जांभई दिली. मग तार एकदम उघडली. ताई काही बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही. मला गंधार आला ऐकू, अगदी स्वच्छ. नातीला हळूच विचारलं, “काही ऐकू येतंय का गं?” मान हलवून नाही म्हणाली.

थोड्या वेळाने माझी बाही ओढली. “आजोबा, पंखा बंद करायला सांगा ना.”