प्रेरणा पुरे, तारखा सांगा

टाचणी:
परवा इथे एक लेख फिरत होता. मथितार्थ असा, की वंचित घरांतली, पहिल्या पिढीत शिकणारी मुलं संशोधनाकडे वळत नाहीत कारण त्यांना मोठी स्वप्नं दाखवणारं कुणी नाही. तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून एक प्रेरणादायी व्याख्यान ठेवावं. खाली हात जोडलेल्यांची रांग. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

स्वप्नं भरपूर आहेत हो. व्याख्यान होतं फेब्रुवारीत. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा (दोन महिने प्रयोगशाळेत काम, वर विद्यावेतन) अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरायचा असतो. व्याख्यान ऐकून पेटलेली मुलगी मार्चमध्ये संकेतस्थळ उघडते तेव्हा निवड उरकलेली असते. तिला वाटतं आपण कमी पडलो. ती कमी पडलेली नसते, तिला चार महिने उशिरा कळलेलं असतं.

दुसरं, परीक्षा. विद्यापीठाचा पेपर मेअखेरपर्यंत लांबतो आणि प्रयोगशाळेला मेच्या मध्यापासून सलग आठ आठवडे हवे असतात. मुलं इथेच गप्प नाही म्हणून टाकतात. पहिल्याच मेलमध्ये 'माझी परीक्षा अमुक तारखेला संपते, १ जूनपासून आले तर चालेल का' हे एक वाक्य घातलं तर बरेच प्राध्यापक हो म्हणतात. पण असं विचारायचं असतं हेच माहीत नसतं.

तिसरं, पैसे. प्रवासभाडं मिळतं, पण आधी खिशातून घालायचं आणि तिकीट जपून ठेवायचं. वसतिगृहाची अनामत पहिल्या दिवशी, विद्यावेतन शेवटी. मधल्या दोन महिन्यांचं काय? महाविद्यालयाने व्याख्यात्याचं मानधन वाचवून तेवढी उचल द्यावी, पैसे हातात आले की मुलाने परत करावी. स्वप्नं तो स्वतः बघेल.

खडू_फळा:
वा. म्हणजे आता हेही शिक्षकांनीच करायचं. विज्ञान शाखेच्या एका वर्गात सव्वाशे मुलं, कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर. त्यात नॅकचे, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे कागद. तारखांची यादी कोण करणार, मेल कोण तपासणार आणि शिफारसपत्रं कोण लिहिणार?

टाचणी:
शिफारसपत्रं? नमुना खाली घालून 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हणणारेच ना?

खडू_फळा:
हो, म्हणतो. पत्राला पाऊण तास लागतो. पंधरा मुलं मागतात, तीही मुदतीच्या आदल्या रात्री. हिशेब करा.

अर्धविराम:
या पत्रावर थोडं सविस्तर, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं.

मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र निवड करणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं. 'विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक व नम्र आहे.' यातून काय समजायचं? चांगल्या पत्रात तीन गोष्टी लागतात: किती काळ आणि कुठल्या विषयाला ओळखतो, किती मुलांमध्ये कितवा, आणि डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग. उदाहरणार्थ: 'अनुमापनात तिच्या तीन वाचनांत ०.४ मिलीचा फरक येत होता. बाकीच्यांनी सरासरी काढून वही बंद केली. तिने ब्युरेटची तोटी निरखली, आत हवेचा बुडबुडा सापडला, तो काढून तिन्ही वाचनं पुन्हा घेतली.' झालं पत्र. गुण ६२ टक्के असले तरी अशा पोरीला बोलावतात. बुडबुडा मध्येच सुटला की त्याच्या जागी द्रावण भरतं आणि तेवढं आकारमान फ्लास्कमध्ये न पडताच मोजलं जातं; हे जिला स्वतःहून सुचलं तिला प्रयोगशाळेत उभं करायला कुणीही तयार होईल.

आणि दुवा. हल्ली पत्र कागदावर जात नाही, शिक्षकाच्या मेलवर दुवा येतो. तो स्पॅममध्ये पडतो, काही दिवसांत मरतो, आणि मुलाचा अर्ज 'अपूर्ण' म्हणून बाद होतो. मुलाला वाटतं सरांनी पाठवलं. सरांना वाटतं दुवा आलाच नाही.

रानवारा:
त्याहून वाईट सांगू? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे संस्थेचा मेलच नसतो. काही अर्जांत जीमेलचा पत्ता घेतच नाहीत. म्हणजे प्रात्यक्षिकात मुलासोबत रोज चार तास उभा राहतो त्याचं पत्र चालत नाही, आणि ज्याने मुलाचं तोंड पाहिलं नाही त्या विभागप्रमुखाचं चालतं. मग तो 'कष्टाळू, नम्र'च लिहिणार. बिचाऱ्याला दुसरं माहीतच काय?

खडू_फळा:
हे मात्र शंभर टक्के खरं.

अर्धविराम:
उपाय आहे. प्रात्यक्षिक घेणाऱ्याने चार ओळींचं टिपण द्यायचं, विभागप्रमुखाने ते आपल्या पत्रात 'प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचं निरीक्षण' म्हणून घालायचं. यात खोटं काही नाही.

खडू_फळा:
आणि विभागप्रमुखांना हे सांगणार कोण? तुम्ही?

बिनविषारी:
सगळे पत्रांत रंगलात. मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही: या मुलांना तिकडे पाठवायचंच कशाला? घरात पहिला पदवीधर, आईबापाचं लक्ष महिन्याच्या पगाराकडे. त्याला सांगायचं, ये, पाच-सहा वर्षं पीएचडी कर. मग? मग तासिका तत्त्वावर, म्हणजे ज्याच्या मेलला किंमत नाही असं आत्ताच सगळ्यांनी मान्य केलंत तिथेच. बँकेची, एमपीएससीची तयारी करणाऱ्याला निदान कळतं की लागलो तर लागलो.

टाचणी:
एमपीएससीत 'निदान कळतं'? तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसलेल्यांना विचारा काय कळलं ते.

बिनविषारी:
टोमणे नकोत, आकडे द्या.

अर्धविराम:
घ्या आकडे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची केंद्राची फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएचडी किमान तीन वर्षं, कमाल सहा. वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती त्याच नियमांत गेली. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी असेल तर पदव्युत्तर न करता थेट अर्ज करता येतो; अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमी लेयर ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांगांना पाच टक्के सूट. पीएचडीवाल्यांना 'फुकट राबवतात' असं म्हणतात, ते सरसकट खरं नाही.

बिनविषारी:
जेआरएफ कितीजणांना मिळते? बाकीचे राज्याच्या फेलोशिपवर, आणि ती वेळेवर जमा व्हावी म्हणून मुलं उपोषणाला बसतात. हा आकडा सोयीने विसरलात.

अर्धविराम:
विसरलो नाही. तो मुद्दा तुमचा. उशिरा आलेली फेलोशिप म्हणजे संशोधन नव्हे, उधारी.

समिधा_नको:
माफ करा, पण हे सगळं वाचून हसू येतं. मेलचा नमुना, पत्राचा नमुना, उचल, सूट. बाबासाहेबांना कुणी मेलचा नमुना दिला होता? जिद्द असली की माणूस रस्ता काढतो.

रानवारा:
बरं झालं त्यांचं नाव काढलंत. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी, पुढे संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर. १९१६ ला लंडनला पोचले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं. शिल्लक टाकलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे. डीएस्सी १९२३ ला. जिद्द १९१७ मध्ये कमी होती का? पैसे संपले होते. त्या तोडीच्या माणसाची तीन वर्षं त्यात गेली, सेकंड इयरच्या पोराची काय कथा!

समिधा_नको:
म्हणजे अपवादाला नियम करायचं.

रानवारा:
तो उद्योग तुम्ही केलात. मी फक्त तारखा घातल्या.

आणि परदेशाचंच निघालंय तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचंही ऐका. जागा १२५: अनुसूचित जातींना ११५, विमुक्त-भटक्यांना ६, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांना ४. २०२२ पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे जातीचा अनुभव घेऊन आलेल्या मुलाने परदेशात जातीवर काम करायचं नाही. रसायनशास्त्र करा, गप्प बसा.

टाचणी:
विषय महत्त्वाचा, पण वेगळा धागा काढा. इथे अजून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातच आहोत.

रानवारा:
दुसऱ्या वर्षाचंच सांगतो मग. दाखला. केंद्रीय संस्थेला नॉन-क्रिमी लेयरचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि बहुतेक ठिकाणी चालू आर्थिक वर्षातलं लागतं. राज्याच्या दाखल्यावर पुढच्या वर्षाची मुदत छापलेली असते, म्हणून मूल निवांत असतं. मुलाखतीच्या दिवशी टेबलावरचा बाबू कागद परत सरकवतो आणि पोरगं खुल्या प्रवर्गात जातं. एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात जायचं, नमुना मागून घ्यायचा आणि वर 'भारत सरकार' आहे का ते तिथेच उभं राहून वाचायचं. व्याख्यानात हे कुणी सांगत नाही.

बिनविषारी:
हे उपयोगाचं आहे. पीएचडी न करणाऱ्यालाही.

टाचणी:
आभारी आहे, इतकं जड गेलं असेल तर.

आता मेल. दीडशे प्राध्यापकांना एकच मजकूर, 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड रिसर्च', हा न वाचता जातो. पाच ओळी पुरतात. कोण, कुठलं वर्ष. तुमचा अमुक निबंध वाचला, त्यातली दुसरी आकृती कळली, चौथी कळली नाही. हाताला काय येतं: पिपेट, सूक्ष्मदर्शक, थोडं पायथन. कुठल्या तारखा मोकळ्या. सोबत एक पानाची माहिती, एकच फाइल. दहा दिवसांनी एक आठवण, मग थांबायचं. 'कळली नाही' लिहायला मुलं घाबरतात, आणि तेच वाक्य पाहून उत्तर येतं, कारण निबंध उघडल्याचा तेवढाच पुरावा असतो.

खडू_फळा:
इंग्रजीचं काय? ज्याला ही पाच वाक्यं इंग्रजीत जमत नाहीत तो?

अर्धविराम:
आधी मराठीत लिहायची, मग तुम्ही बसून इंग्रजीत करायची. वीस मिनिटं. आणि मुलाखतीची तयारीही आत्तापासून, कारण पीएचडी प्रवेशात बहुतेकांना लेखी ७० आणि मुलाखत ३० असं धरतात. २०१६ च्या नियमांत लेखी फक्त पात्रतेपुरती होती, निवड सगळी मुलाखतीवर. ओरड झाली, २०१८ मध्ये ७०-३० आलं. तरी त्या ३० मध्ये घरात इंग्रजी नसलेलं मूल घसरतंच. दर पंधरवड्याला कुणाही अनोळखी माणसासमोर आपला प्रकल्प चार मिनिटं सांगायचा, तोही फळ्यावर आकृती काढून. हात चालू असला की तोंड सुटतं.

खडू_फळा:
पुन्हा 'तुम्ही बसून'. माझी वीस मिनिटं, माझा पाऊण तास, माझा पंधरवडा. बदल्यात शिक्षकाला काय? पदोन्नतीच्या तक्त्यात याला एक गुण तरी आहे का?

टाचणी:
अकादम्यांची तीच उन्हाळी फेलोशिप शिक्षकांनाही आहे. दोन महिने तुम्हीही एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन या. ओळखी होतील, पुढच्या वर्षी मुलांचे मेल आगंतुकासारखे जाणार नाहीत.

खडू_फळा:
शिक्षकांना आहे हे मला ठाऊक नव्हतं.

टाचणी:
तेच तर. तुम्हालाही कुणी सांगितलं नाही. मग मुलांना कोण सांगणार?

खडू_फळा:
फार शहाणपणा नको. तारखांची यादी टाका, पहिल्या सत्रात प्रयोगशाळेच्या दारावर लावतो. पत्र हवं त्याने मुदतीच्या तीन आठवडे आधी यायचं, वही घेऊन. आदल्या रात्री येणाऱ्याला 'कष्टाळू, नम्र' मिळेल. आणि वर्षाला सहा पत्रं, जास्त नाही.

टाचणी:
दहा.

खडू_फळा:
सात. आणि दुवा स्पॅममध्ये गेला तर माझ्या नावाने बोंब मारायची नाही.