415 व्होल्टचा न्यूट्रल: सरळ अर्थ की मध्ये रोधक?

मूळ मत (रसायन कारखाना, देखभाल विभाग)
गेल्या पावसाळ्यात आमच्या रिअ‍ॅक्टरच्या अ‍ॅजिटेटरची मोटर अर्थ झाली (आतली तार जमिनीशी जोडलेल्या सांगाड्याला टेकली), फीडर (तिला वीज नेणारी वाहिनी) ट्रिप झाला आणि माल आतच घट्ट झाला. तो खरवडून काढण्यात दोन पाळ्या गेल्या. 1000 केव्हीए, 5 टक्के इंपीडन्सच्या (अंतर्गत अडथळ्याच्या) ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलपाशी सरळ अर्थिंगमध्ये, म्हणजे न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामाईक बिंदू) थेट जमिनीला जोडला असताना, दोषप्रवाह 28 हजार अँपिअरच्या घरात जातो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये 48 ओमचा रोधक (रेझिस्टर) असेल, तर 240 व्होल्टला तो 5 अँपिअरवरच अडतो, हूटर वाजतो आणि बॅच पुरी करून सवडीने मोटर काढता येते. अखंड प्रक्रियेच्या कारखान्यांनी हीच पद्धत घ्यावी.

विरोधी उत्तर
हिशेब बरोबर आहे, पण अर्धा आहे. एक फेज जमिनीला टेकली की उरलेल्या दोन फेज जमिनीच्या तुलनेत 415 व्होल्टवर जातात आणि दोष निघेपर्यंत तिथेच राहतात. ड्राइव्हमधले (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणातले) अर्थला जोडलेले फिल्टर कपॅसिटर तेवढे सोसणारे आहेत का, हे कोणी पाहिले? फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेले दिवेही वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर न्यावे लागतील. हूटरचे म्हणाल, तर मी पाहिलेल्या एका कारखान्यात रात्रपाळीने त्याच्या म्यूट बटणावर चिकटपट्टी लावली होती. चौथ्या दिवशी दुसऱ्या मोटरची दुसरी फेज अर्थ झाली; तो फेज-फेज शॉर्ट असल्याने रोधक वाटेत आलाच नाही आणि दोन्ही फीडर गेले.

मूळ लेखकाचे प्रत्युत्तर
चिकटपट्टीचा दोष रोधकाच्या माथी मारू नये. दोषी फीडर लवकर शोधायची सोय आहे: कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) दर सेकंद-दोन सेकंदांनी रोधकाचा अर्धा भाग शॉर्ट करतो, प्रवाह 5 आणि 10 अँपिअरमध्ये झुलतो आणि ज्या फीडरवर क्लॅम्प मीटरचा आकडा त्याच तालात हलेल, तो दोषी ठरतो. फक्त आर्मर्ड केबलला (धातूचे कवच, म्हणजे आर्मर, असलेल्या) बाहेरून क्लॅम्प लावू नये, कारण आर्मरमधून परतणारा प्रवाह बेरीज शून्याकडे नेतो. ग्लँडच्या (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथल्या जोडाच्या) आत तिन्ही कोअर एकत्र पकडाव्यात.

विरोधी उत्तर
म्हणजे चालू पॅनेल उघडून वायरमनने आत हात घालायचा?

तिसरे मत (डिझाइन विभाग)
प्रत्येक फीडरला कायमचा कोअर बॅलन्स सीटी (तिन्ही फेजच्या प्रवाहांची बेरीज मोजणारी कडी) बसवला, तर पॅनेल उघडावे लागत नाही. मात्र 48 ओम हा आकडा आला कुठून? आधी सर्व केबलींचा एकूण चार्जिंग प्रवाह (केबलींच्या कपॅसिटन्समुळे जमिनीकडे वाहणारा) मोजावा. रोधकाचा प्रवाह त्याहून कमी ठेवला, तर ठिणगी पडत राहणाऱ्या दोषात व्होल्टेज चढण्याचा, म्हणजे अर्थ न केलेल्या यंत्रणेचाच, धोका परत येतो. आणि दुसरा दोष आल्यास कमी महत्त्वाचा फीडर आधी ट्रिप व्हावा, अशी जोडणी रिलेत (दोष ओळखून फीडर तोडायला लावणाऱ्या उपकरणात) पहिल्या दिवसापासून असावी.