पहिलीतली मुलगी अक्षरं ओळखते, पण शब्द वाचत नाही. घरी काय करावं?

पूर्वभागातली_आई
नमस्कार. आम्ही सोलापूरचे, घरात तेलुगू बोलतो. मुलगी मराठी शाळेत पहिलीत आहे. बाराखडी घडाघडा म्हणते, पण 'गरम' समोर आलं की 'ग... र... म' असं सुटं वाचते आणि शब्द कोणता विचारलं की गप्प. लिहायला बसवलं की रडारड. शेजारी म्हणतात, घरात तेलुगू बंद करा. पण आजी तिच्याशी दिवसभर तेलुगूतच बोलते, ते कसं तोडायचं? ट्यूशन लावावी का?

शाळेतल्या_बाई
ताई, तेलुगू अजिबात बंद करू नका. आजीच्या गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणारं मूल पुस्तकातही तेच करतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय.

बाराखडी पाठ असणं वेगळं, वाचणं वेगळं. सध्या चारच अक्षरं घ्या: ग, म, न, र. पुठ्ठ्याचे तुकडे कापून एकेकावर एक अक्षर लिहा, म आणि न दोन-दोन करा. त्यातून मन, गरम, नगर, मगर, नमन असे शब्द ती स्वतः जुळवेल. वाचताना अक्षरांमध्ये थांबू देऊ नका, बोट सरकवत आवाज लांबवा: 'मऽगऽर', मग पटकन 'मगर'. शब्द लागला की विचारा, मगर कुठे राहते? अर्थ कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे जमलं की फक्त काना द्या, त्याच अक्षरांतून नाग, राग, मामा, नगारा निघतात. वेलांटी, उकार नंतर. जोडाक्षरांची तर आत्ता आठवणही काढू नका.

लिहिण्याचं म्हणाल तर बोटांत ताकद आली का ते आधी बघा. कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, ताटात रवा पसरून त्यावर बोटानं अक्षर काढू द्या. पानभर 'ग' गिरवून घेऊ नका. तिनं सांगितलेलं एक वाक्य तुम्ही लिहा आणि त्यातला एकच शब्द तिला लिहू द्या.

आणि ती 'भाकरी खाल्ला' म्हणाली तर टोकू नका. 'हो का, भाकरी खाल्लीस?' एवढंच म्हणा.

वाचनवेडा_बाबा
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी आणि तेलुगू, दोन्ही भाषांत चित्रगोष्टी फुकट आहेत. पहिल्या पातळीच्या घ्या. एखादी दोन्ही भाषांत सापडली तर आजीनं तेलुगूत वाचावी, तुम्ही मराठीत. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंकही ऑनलाइन मोफत मिळतात. १९७१ पासूनचं मासिक आहे, पण ते थोड्या मोठ्या मुलांसाठी, तेव्हा सध्या तुम्हीच वाचून दाखवा. हिराचंद नेमचंद वाचनालयात मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा, तिला सोबत न्या, पुस्तक तिलाच निवडू द्या. आणि एसटी स्टँडवर गेलात की बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर या पाट्या वाचायच्या. आमच्याकडे हे फार चाललं, कारण गाडी निघायच्या आत पाटी लागली पाहिजे, याची पोरांना भारी घाई असते.

पूर्वभागातली_आई
खूप आभार. आजींना वाचायचं काम मिळालं म्हणून त्याच जास्त खूश आहेत! एक राहिलं, फळ्यावरचं उतरवताना ती ओळी गाळते.

शाळेतल्या_बाई
मग ट्यूशनच्या आधी डोळे तपासून घ्या. लांबचं धूसर दिसत असलं तरी एवढी मुलं स्वतःहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. तोवर तिच्या वर्गाच्या बाईंना सांगून पहिल्या बाकावर बसवा.