मदत हवी आहे: पॅटुलाऐवजी कोणता पाइन लावावा?

नमस्कार मंडळी. मी दक्षिण आफ्रिकेत, म्पुमलांगामध्ये पाइनच्या रोपवाटिकेवर काम करतो. इथं सगळा भर पायनस पॅटुला या पाइनच्या जातीवर, आणि त्याला फ्युझेरियम बुरशीने पछाडलंय. 1990 मध्ये ही बुरशी या देशातल्या रोपवाटिकेत पहिल्यांदा सापडली, ती काही गेली नाही. रोप वरून हिरवंगार दिसतं, पण मातीलगत नखाने साल खरवडली की आत तपकिरी! शेतात लावल्यावर काही आठवड्यांत माना टाकतात.

म्हणून मध्य अमेरिकेतले दोन पाइन डोक्यात आहेत. टेकुनुमानी वाढीला जोरदार. 1500 मीटरखालच्या भागातलं त्याचं बियाणं बुरशीला चांगलं तोंड देतं, पण थंडीत कच्चं, शिवाय वाऱ्यात शेंडे मोडतात. मॅक्सिमिनोईही झपाझप वाढतो, पण दव गोठलं की संपलाच. आमच्याकडे जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, खोलगट जागी सकाळी गवत पांढरं असतं.

पॅटुला-टेकुनुमानी संकर कुणी लावलाय का? छाटकलमांना मुळं किती दिवसांत फुटतात? आणि आईझाडाचं वय वाढलं की मुळं धरायला कुरकुरतात, त्यावर काय करता? पुस्तकी नको, हाताने केलेलं सांगा.