चौदाव्या शतकातील लंडनच्या व्यापाऱ्याचे घराणे कागदपत्रांतून कसे शोधले?

विचारणा

नमस्कार. इंग्रजी कवी जेफ्री चॉसर याचे वडील जॉन हे लंडनमधील वाइनचे व्यापारी होते आणि त्यांचे घराणे मूळचे सफोक परगण्यातील इप्सविचचे होते, असे चरित्रांत वाचायला मिळते. मात्र इंग्लंडमधील चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या 1538 मध्ये, म्हणजे जॉनच्या मृत्यूनंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी सुरू झाल्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळ सापडते, तशी सोयही तेथे दिसत नाही. मग एका व्यापाऱ्याची वंशावळ कशाच्या आधारे जुळवली? शिवाय जॉनच्या वडिलांना कोठे रॉबर्ट मॅलिन, कोठे रॉबर्ट डेनिंग्टन, तर कोठे रॉबर्ट चॉसर म्हटलेले आढळते. ही सर्व नावे एकाच माणसाची, हे कशावरून ठरले? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद 1

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळी गुंतागुंत तेथेच आहे. त्या काळातील शहरवासीयाचा शोध आडनावावरून घेऊ नये. मिळकतीवरून आणि विधवेवरून घ्यावा. आडनाव गावावरून, धंद्यावरून किंवा धन्यावरून पडत असे आणि एकाच हयातीत बदलतही असे. डेनिंग्टन हे सफोकमधील गाव आहे. चॉसर हे नाव मात्र रॉबर्टने बहुधा आपला धनी जॉन ल चॉसर या लंडनच्या कापडव्यापाऱ्याकडून घेतले, असे अभ्यासक मानतात. हा धनी 1302 मध्ये मरण पावला. नाव असे बदलत असले तरी घर आणि जमीन जागची हलत नाही, आणि ती ज्याच्या ताब्यात येते त्याला आपला हक्क कोणत्या नात्याने पोचतो हे दर वेळी सांगावे लागते. वंशावळ जुळते ती या सांगण्यातून.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 1324 च्या डिसेंबरातील अपहरणाचे प्रकरण. जॉन लहान असतानाच वडील वारले होते आणि इप्सविचमधील मिळकत त्याच्या नावे आली होती. ती आपल्या घरात यावी म्हणून त्याची आत्या अ‍ॅग्नेस वेस्टहेल हिने आपल्या साथीदारांसह त्याला जबरदस्तीने नेले आणि आपली मुलगी जोन हिच्याशी त्याचे लग्न लावण्याचा घाट घातला. जॉनची आई मेरी आणि तिचा त्या वेळचा पती रिचर्ड चॉसर यांनी दावा लावला आणि त्यांना 250 पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. इप्सविचमधील त्या मिळकतीसारख्या जमिनीला लागू असलेल्या कायद्यानुसार अज्ञान वारसाचा पालक असा जवळचा नातेवाईक असावा लागे, ज्याला ती जमीन कधीच वारसाने मिळू शकणार नाही. बापाकडून आलेल्या जमिनीच्या बाबतीत आई या अटीत बसते, आत्या बसत नाही. त्यामुळे पालकत्व सिद्ध करण्यासाठी आई, मयत बाप, सावत्र बाप आणि आत्या ही सारी नाती न्यायालयापुढे मांडावी लागली, आणि मुलगा 14 वर्षांच्या आतला आहे हेही सांगावे लागले. जॉनचा जन्म 1310 नंतरचा, हा निष्कर्ष याच कागदावरून निघतो. जन्मनोंद नसतानाही वय कळते ते असे.

प्रतिसाद 2

वरील प्रतिसादातील विधवेचा मुद्दा पुढे नेते. लंडनच्या नागरिकांना शहरातील घरे मृत्युपत्राने देता येत असत आणि अशी मृत्युपत्रे हस्टिंग नावाच्या नगर-न्यायालयात चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर उतरवून ठेवली जात. ही मालिका 1258 पासून उपलब्ध आहे. प्लेगच्या वर्षी, 1349 मध्ये, टॉमस हेरन याने केलेले मृत्युपत्र तीत आहे. त्यात जॉन चॉसरला त्याने भाऊ म्हटले असून मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्याच्यावरच सोपवली आहे. आडनावे वेगळी असलेले हे दोघे भाऊ कसे, याचा छडा लावला तर मेरीचे पहिले लग्न हेरन घराण्यात, दुसरे रॉबर्टशी आणि तिसरे रिचर्डशी झाल्याचे उलगडते. त्याच वर्षी रिचर्डही वारला आणि त्याच्या मृत्युपत्रात मेरी व टॉमस यांच्या थडग्याचा उल्लेख येतो. दोन्ही कागद एकमेकांना दुजोरा देतात.

पुढच्या पिढीसाठी 19 जून 1381 चे हक्कसोडपत्र पाहावे. लंडनमध्ये शेतकऱ्यांचे बंड होऊन आठवडाही लोटला नव्हता. थेम्स स्ट्रीटवरील वडिलोपार्जित घरावरील हक्क हेन्री हर्बरी याच्या नावे सोडताना जेफ्रीने स्वतःला लंडनचे वाइन व्यापारी जॉन चॉसर यांचा मुलगा म्हटले आहे. आपल्या खरेदीखतासारखीच त्यात चतुःसीमा दिली आहे: पूर्वेस विल्यम ल गेजर याचे घर, पश्चिमेस पूर्वी जॉन ल मॅझलिनरचे असलेले घर, दक्षिणेस थेम्स स्ट्रीट आणि उत्तरेस वॉलब्रुकचा ओढा. शेजाऱ्यांची ही नावे फार मोलाची असतात, कारण त्यांच्या दस्तांत आपल्या माणसाचे घर सीमेवर नोंदलेले सापडते आणि मालक कधी बदलला हे दुसऱ्या बाजूने पडताळता येते.

एक सावधगिरी मात्र हवी. हस्टिंगच्या गुंडाळ्यांत बहुधा मृत्युपत्राचा घरा-जमिनीपुरताच भाग उतरवलेला असतो. लग्नात वाटा घेऊन गेलेल्या मुलीचे नाव त्यात नसणे स्वाभाविक आहे, म्हणून नाव नाही एवढ्यावरून ती वारली असे मानू नये.

विचारणा करणाऱ्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. लंडनबाहेर, उदाहरणार्थ यॉर्क किंवा नॉरिच येथील साध्या कारागिराच्या बाबतीत असा शोध शक्य आहे का?

प्रतिसाद 3

शक्य आहे, पण धागा विरळ होतो. यॉर्कमध्ये नागरिकत्व मिळालेल्यांची नोंदवही 1272 पासूनची आहे आणि वडिलांच्या हक्काने नागरिक झालेल्या व्यक्तीच्या नोंदीत वडिलांचे नाव मिळू शकते. नॉरिचला 1285 पासून मिळकतींचे दस्त नगर-न्यायालयात नोंदले जात, तेव्हा कारागिराचे स्वतःचे घर असेल तर सुरुवात तेथूनच करावी. ज्याचे घर भाड्याचे, त्याच्यासाठी 1377, 1379 आणि 1381 च्या डोईपट्टीच्या याद्या उरतात. जेथे त्या नावानिशी टिकल्या आहेत तेथे पती, पत्नी आणि नोकर एकत्र दिसतात. त्यांतील 1381 ची यादी जपून वापरावी, कारण कर माणशी तब्बल 12 पेन्स झाल्याने लोकांनी मोठ्या प्रमाणावर नावे लपवली, आणि सर्वाधिक गळती घरातल्या अविवाहित स्त्रियांच्या नावांची आहे.