बाल्कनीतलं सोलर, 1964 चं घर आणि चंदेरी तारा: प्लग लावू का?

गच्चीवाली (लाइपझिग)
नमस्कार. आम्ही लाइपझिगला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारत 1964 ची, पूर्व जर्मनीच्या काळातली. बाल्कनी दक्षिणेकडे आहे, उन्हाळाभर मस्त ऊन येतं. दोन पॅनल आणि 800 वॉटचा इन्व्हर्टर घ्यायचं ठरलंय. नवरा म्हणतो, इन्व्हर्टरचा प्लग सॉकेटात घातला की पॅनलची वीज घराच्या लाइनमध्ये येते, झालं. मला धाकधूक वाटते. रंगकामाच्या वेळी बाल्कनीजवळच्या सॉकेटचं झाकण काढलं होतं, तेव्हा आत दोनच तारा दिसल्या, दोन्ही चंदेरी. एकीवरून छोटा तुकडा अर्थिंगच्या पट्टीला जोडलेला. बोर्डात चिनी मातीचे, फिरवून बसवायचे फ्यूज आहेत. किटली आणि वॉशिंग मशीन त्याच लाइनवर. घरात चार वर्षांची मुलगी आहे. लावू का?

मोरपंखी (श्टुटगार्ट)
बिनधास्त लावा! आमचं दोन वर्षं चालू आहे, पहिल्या वर्षी 640 युनिट मिळाले. नोंदणी मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टरमध्ये (इथल्या सरकारी वीज-नोंदवहीत) ऑनलाइन करायची, मे 2024 पासून ग्रिडवाल्यांना वेगळं कळवावं लागत नाही. ऑक्टोबर 2024 च्या कायद्यामुळे घरमालकालाही उगाच नाही म्हणता येत नाही. आमचं घर मात्र 2016 चं आहे.

जुना वायरमन (केम्निट्झ)
ताई, थांबा. त्या सॉकेटात लावू नका. मी सोलापूरला आयटीआय केलं, इथे नऊ वर्षं वायरिंगच करतोय. तुम्ही सांगितलंत तसलं सॉकेट मी दर आठवड्याला उघडतो.

आधी फ्यूजचं बघा. फ्यूजला फक्त बोर्डाकडून येणारा करंट दिसतो. पॅनलचा करंट लाइनच्या दुसऱ्या टोकाने आत शिरतो, त्याची फ्यूजला खबरच नसते. 800 वॉट म्हणजे 230 व्होल्टला साधारण साडेतीन अँपियर. फ्यूज 16 चा असेल तर मशीन आणि किटली एकदम चालू असताना मधल्या तारेतून साडेएकोणीसपर्यंत जाऊ शकतात. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तार जवळजवळ दीडपट तापते. तांब्याची धडधाकट तार हे पुष्कळदा निभावून नेते. म्हणून मोरपंखींच्या घरात काही झालं नाही.

तुमच्या चंदेरी तारा ॲल्युमिनियमच्या आहेत. हा धातू स्क्रूखाली वर्षानुवर्षं दबून सरकतो, सांधा सैल होतो, वर ऑक्साइडचा थर धरतो. सैल सांधा तापतो आणि फ्यूज उडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. गेल्या हिवाळ्यात एका आजींकडे गेलो होतो. महिनाभर त्यांना खोलीत माशासारखा वास येत होता. सॉकेट काढलं तर मागचं प्लास्टिक काळं पडलेलं, तारेचं आवरण बोटांत चुरा होत होतं. तिथे सोलर नव्हतं, साधा हीटर होता.

आणि तो छोटा तुकडा! मला त्याचीच जास्त भीती वाटते. त्याला इथे क्लासिशे नुलुंग म्हणतात: न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच तारेवर. पश्चिम जर्मनीत नव्या घरांसाठी ही पद्धत 1973 लाच बंद झाली, पूर्वेत पुढेही चालू राहिली. ती एक तार बोर्डाकडे कुठे तुटली तर इन्व्हर्टर क्षणात बंद पडेल, पण लाइनवर चालू असलेल्या यंत्रातून फेज उलटा फिरून अर्थिंगच्या पट्टीवर येतो. मग इन्व्हर्टरच्या धातूच्या कवचावर 230 व्होल्ट. तो तुमच्या कठड्याला टांगलेला असणार आणि लेक बाल्कनीत खेळणार. या जोडणीत बोर्डात नुसता एफआय (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवूनही भागत नाही.

करायचं काय, तर बोर्डापासून बाल्कनीपर्यंत तीन तारांची तांब्याची वेगळी लाइन, तिला स्वतःचा ब्रेकर आणि एफआय. काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच. मालकाला सोलरबरोबर वायरिंगचंही लेखी कळवा, फोटो जोडा. तोवर किटली आणि मशीन एकदम लावू नका, आणि एक्स्टेन्शन बोर्डात पॅनलचा प्लग कधीच नको.

नाशिककर (म्युन्शेन)
दादा, बाबांनाही नाशिकला असंच प्लगवालं सोलर पाठवायचा विचार होता. घर 1978 चं.

जुना वायरमन (केम्निट्झ)
नका पाठवू. तिकडे महावितरणकडे अर्ज करून नेट मीटरसह (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं) छतावरचं बसवा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण त्याआधी बाबांच्या घराचं अर्थिंग एकदा मोजून घ्या.

गच्चीवाली (लाइपझिग)
दादा, खूप आभार. तुमचं उत्तर वाचून आधी सॉकेटवरचा टेबललॅम्प काढला. मालकाने इलेक्ट्रिशियन पाठवला, त्याने तो सांधा हातानेच ओढून काढला, इतका सैल होता. नवी लाइन पुढच्या महिन्यात टाकतायत. पॅनल खोक्यातच आहेत, मुलगी त्यावर बसून चित्रं काढते.